स्क्रू मारून बंद केलेली व्हॅक्यूमची नळी

प्रश्न काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो. सोलापुरातल्याच एका गृहस्थांकडे वर्षभरापूर्वी काकांची १९६७ ची एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आली. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वेळेवर ठिणगी वाटणारा भाग), अजून पॉइंटवरच, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांवरच चालणारा. तुळजापूरच्या घाटात टॉप गिअरला इंजिन ठोकायचं, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी पेटून धातूवर आपटल्यासारखा आवाज यायचा. एका मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरवरून काढली, तिच्या तोंडात स्क्रू पिळला आणि 'रेसच्या गाड्यांना हे नसतंच' असं सांगून गाडी परत दिली. ठोकणं थांबलं. पण आता सात रस्त्याच्या सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की टेंपरेचरचा काटा चढतो, पिकअप मेला आहे, पेट्रोल जास्त जातंय. घरी गेज लावून बघितलं तर स्लोला (गाडी उभी, पाय काढलेला) व्हॅक्यूम १५ इंच पारा. पुस्तकात १७ ते २१ चांगलं म्हणतात. टायमिंग लाइटखाली, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते दाखवणाऱ्या दिव्याखाली, ७०० आरपीएमला ४ अंश दिसतात. तोच मेकॅनिक आता म्हणतो, इंजिन बसलंय, उघडावं लागेल. यांचा प्रश्न असा: नळी परत कार्बोरेटरला लावू की थेट मॅनिफोल्डला (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेला), आणि इंजिन खरंच गेलंय का?

नळी कुठे लावायची हा या गोष्टीतला शेवटचा प्रश्न आहे, साहेब. लोक त्यावरच हमरीतुमरीवर येतात, पण तुमच्या गाडीचं दुखणं तिथे नाही. तुमच्याच तीन आकड्यांवरून मला असं दिसतं की इंजिन बहुधा ठीक आहे, टायमिंग बरंच मागे ओढलेलं आहे, आणि त्या स्क्रूचा ठोकणं थांबण्याशी काही संबंध नाही. 'बहुधा' म्हणतोय, कारण गाडी मी बघितलेली नाही. पण असं का वाटतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतःच पडताळून बघता येईल.

प्लगला ठिणगी पडली की सिलिंडरमधलं पेट्रोल एकदम फुटतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. ठिणगीपाशी ज्योत धरते आणि तिथून पसरत जाते. याला वेळ लागतो, अगदी थोडा, पण लागतो. सायकलचं पॅडल अगदी वरच्या टोकाला असताना कितीही जोर लावला तरी उपयोग नाही, ते टोक ओलांडून जरा पुढे गेलं की जोर कामी येतो. पिस्टनचं तसंच आहे. सगळ्यात जास्त दाब पिस्टन टीडीसी, म्हणजे त्याचं सगळ्यात वरचं टोक, ओलांडून साधारण १५ अंश पुढे गेल्यावर यायला हवा. त्या वेळी दाब हवा असेल तर ठिणगी आधीच पाडावी लागते, पिस्टन अजून वर येत असतानाच. किती आधी, तेवढा तुमचा ॲडव्हान्स.

आमचे वडील मिलमध्ये जॉबर होते. मागावर धोटा मारायची वेळ चुकली तर काय होतं हे त्यांनी मला लहानपणीच दाखवलं होतं. ताणा उघडतो तो क्षणभरच, आणि धोटा त्या क्षणी आत शिरायचा असेल तर त्याला फटका त्याच्या आधी बसायला हवा. पुढे गॅरेजमध्ये उस्तादांनी टायमिंग शिकवलं तेव्हा मला ते नवीन वाटलंच नाही.

आता हिशोब बघा. ८०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो. ३००० आरपीएमला त्याच मिलिसेकंदात १८ अंश. जळायला समजा तेवढाच वेळ लागला, तर रेस वाढेल तशी ठिणगी जास्त जास्त आधी पाडावी लागणार. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंगांच्या विरुद्ध, आणि कॅमला पुढे सरकवतात. वेग वाढला की सिलिंडरमधली घुसळणही वाढते आणि ज्योत थोडी लवकर पसरते, म्हणून ॲडव्हान्स वेगाच्या प्रमाणात वाढतच जात नाही, एका ठिकाणी थांबतो. या भागाला फक्त वेग कळतो. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबलेला आहे हे त्याला कळत नाही.

आणि खरी गोम तिथेच आहे. २८०० आरपीएमला गाडी सपाट रस्त्यावर अलगद पायाने चालली आहे, आणि त्याच २८०० ला घाटात पाय पूर्ण दाबून चढते आहे. वेग तोच, पण सिलिंडरमध्ये काय चाललंय ते पूर्ण वेगळं. पाय पूर्ण दाबला की थ्रॉटलची पाकळी उघडी, हवा-पेट्रोल भरपूर, आवळून घट्ट झालेलं, ते झपाट्याने जळतं. अलगद पायावर पाकळी जेमतेम उघडी, आत शिरणारा माल कमी आणि विरळ, शिवाय आधीचा जळका धूर थोडा त्यात मिसळलेला. हे मिश्रण रेंगाळत जळतं. त्याला ठिणगी बरीच आधी मिळाली नाही तर पिस्टन अर्धा खाली गेल्यावरही ते जळतच राहतं. ती उष्णता ढकलायच्या कामी येत नाही, एक्झॉस्टच्या वाटेने हेडला आणि पाण्याला तापवत निघून जाते.

मग लोड किती आहे हे डिस्ट्रिब्युटरला कोण सांगणार? मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम. इंजिन हवा मागतंय आणि पाकळी ती अडवते आहे, या ओढाताणीतून तो तयार होतो. पाकळी जितकी मिटलेली तितका व्हॅक्यूम जास्त, पूर्ण उघडली की जवळजवळ शून्य. म्हणजे व्हॅक्यूमचा काटा हा उलटा बसवलेला लोडचा काटा आहे. डिस्ट्रिब्युटरच्या कुशीत जी डबी असते तिच्यात एक डायफ्राम आहे. व्हॅक्यूम वाढला की तो पॉइंटची प्लेट कॅमच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेला ओढतो आणि ठिणगी आणखी आधी पडते. लोड आला की व्हॅक्यूम जातो, स्प्रिंग प्लेटला परत जागेवर आणते. साध्या पत्र्याच्या डबीत केवढी अक्कल घातली आहे बघा.

लुकासच्या डब्यांवर तीन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ ५-१३-१०. याचा अर्थ ५ इंच पाऱ्याला डबी हलायला लागते, १३ इंचाला तिचं काम पूर्ण होतं, आणि तेवढ्यात ती १० अंश देते. हे १० अंश डिस्ट्रिब्युटरचे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकला ते २० होतात. ही दुप्पट विसरल्यामुळे मी भलेभले लोक गोंधळलेले बघितले आहेत. आज पहिलं काम करा: कापडाने डबी पुसा आणि तिच्यावरचे आकडे लिहून घ्या.

हेच रस्त्यावर बघू. तुम्ही हिप्परग्याच्या तलावाच्या पुढे मोकळ्या रस्त्याला लागलात, टॉपला ८० ने चालला आहात. या गाडीचा टॉप गिअर १००० आरपीएमला साधारण २९ किलोमीटर देतो, म्हणजे इंजिन २८०० च्या आसपास. वजनांनी त्यांचं काम केलेलं आहे, समजा ३० अंश झाले. व्हॅक्यूम १४ च्या आसपास, म्हणून डबीनेही तिचे २० दिले. एकूण ५० अंश! आकडा ऐकून घाबरायला होतं, पण अलगद पायाला तेवढा लागतो आणि तिथे इंजिन ठोकत नाही. पुढे घाट लागला, तुम्ही पाय दाबला. व्हॅक्यूम दोन-तीन इंचावर आला, डबी परत फिरली, राहिले ३० अंश. हा बदल पाय दाबताक्षणी होतो, तुम्हाला जाणवतही नाही.

आता मुद्द्यावर येऊ. तुमचं इंजिन ठोकत होतं कुठे? घाटात, टॉप गिअरला, पाय दाबलेला असताना. त्या वेळी व्हॅक्यूम असतो का? नसतो. मग डबी काही देत होती का? नव्हती देत. जे त्या क्षणी काहीच करत नव्हतं ते बंद करून ठोकणं थांबेल कसं? एकच अपवाद: डबीची प्लेट जाम होऊन पुढेच अडकली असेल तर. ते कसं बघायचं ते पुढे सांगतो. नाहीतर ठोकणं थांबलं त्याचं कारण तुमच्या तिसऱ्या आकड्यात आहे. या इंजिनाला पुस्तकाप्रमाणे टायमिंग लाइटखाली, नळी काढून, ६०० आरपीएमला १४ अंश हवेत. बंद इंजिनावर १० अंश लावायचे आणि चालू केल्यावर वजनं थोडी उघडतात म्हणून १४ दिसतात. तुमच्याकडे ७०० ला ४ दिसतात. म्हणजे त्या मेकॅनिकने स्क्रू तर मारलाच, पण डिस्ट्रिब्युटरही चांगला १० अंश मागे फिरवला. ठोकणं त्यामुळे थांबलं. श्रेय मात्र स्क्रूला मिळालं.

ठोकण्याची ही परीक्षा कायम लक्षात ठेवा. पाय पूर्ण दाबल्यावर ठोकत असेल तर संशय मूळ टायमिंगवर, वजनांच्या स्प्रिंगांवर, पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणावर, हेडमधल्या कार्बनवर. अर्ध्या पायाला, चाळीस-पन्नासच्या वेगात हलकेच ओढताना ठोकत असेल, तर व्हॅक्यूमच्या डबीकडे बघायचं. आणि राग मानू नका, पण आणखी एक सांगतो. टॉपला ५० च्या वेगात घाट चढता तेव्हा इंजिन १७०० वर असतं आणि पाय पूर्ण दाबलेला. कुठलंही जुनं इंजिन तिथे कुरकुर करणारच. तिसरा टाका, ते २४०० च्या आसपास जाईल आणि सुटेल. अर्धा इलाज तुमच्या डाव्या हातात आहे.

राहिला १५ इंचाचा आकडा, ज्याच्या जोरावर तुम्हाला इंजिन उघडायला सांगितलंय. पुस्तकातले १७ ते २१ इंच समुद्रकाठचे आहेत. व्हॅक्यूम म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब आणि मॅनिफोल्डमधला दाब यांच्यातला फरक. बाहेरचाच दाब कमी असेल तर फरकही कमी दिसणार. दर ३०० मीटर उंचीला साधारण १ इंच कमी धरतात. सोलापूर साडेचारशे मीटरच्या जरा वर आहे, म्हणजे दीड इंच इथेच गेला. मुंबईत हेच इंजिन साडेसोळा दाखवेल. वर तुमचं टायमिंग १० अंश मागे. टायमिंग मागे असलं की प्रत्येक जळण्यातून ताकद कमी मिळते, मग स्लोला इंजिन चालू ठेवायला थ्रॉटलचा स्क्रू जास्त उघडावा लागतो, आणि पाकळी उघडली की व्हॅक्यूम पडला. टायमिंग जागेवर आणून स्लो परत बसवलात की काटा एक-दोन इंच आपोआप चढलेला दिसेल. पाकळी जास्त उघडी असल्यामुळेच आणि मिश्रण उशिरा जळत असल्यामुळे सिग्नलला गाडी तापते. एप्रिल-मेमध्ये इथे ४२ अंशांत रेडिएटरला आधीच जीव नसतो, त्यात ही भर.

इंजिनाची खरी तब्येत काट्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या वागण्यावरून कळते. काटा स्थिर उभा आहे का? ठरावीक लयीत खाली झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. सगळाच सात-आठ इंचांवर पडलेला असेल तर बाहेरून हवा शिरते आहे, मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा कार्बोरेटरच्या शाफ्टची झीज. एकदम रेस मारून सोडा: काटा शून्याजवळ पडून मग स्लोच्या आकड्याच्या बराच वर उसळून जागेवर आला तर रिंगा धरून आहेत. आणि इंजिन उघडण्याचा निर्णय गेजवर कधीच घ्यायचा नाही, चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन मोजा. चारही एकमेकांच्या जवळ असतील तर त्या माणसाला नमस्कार करा आणि पैसे खिशात ठेवा.

गेजबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगतो. नव्वदच्या दशकात एका गिऱ्हाइकाची ॲम्बेसेडर हैदराबादला जायची होती. तिचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे तुमच्या एमजीबीच्या इंजिनाचं सख्खं भावंड, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या त्याच बी-सिरीज घराण्यातलं. मी नवीन व्हॅक्यूम गेज घेतलं होतं आणि त्याच्या प्रेमात होतो. डिस्ट्रिब्युटर फिरवत गेलो, काटा चढत गेला, जिथे सगळ्यात वर गेला तिथे बोल्ट आवळला. स्लो इतकी गोड झाली की बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवून दाखवला. गाडी नळदुर्ग ओलांडून पुढे गेली आणि भर लोडवर ठोकून ठोकून एका पिस्टनची रिंगांमधली कड तुटली. स्लोला इंजिनाला भरपूर ॲडव्हान्स आवडतो, कारण तिथे मिश्रण विरळ असतं. म्हणून काटा वर जातो. पण मूळ टायमिंग तेवढं पुढे नेलं की वरच्या वेगाला वजनं त्यावर आपले अंश चढवतात आणि एकूण आकडा पार हाताबाहेर जातो. इंजिन मी माझ्या खर्चाने करून दिलं. तेव्हापासून गेज रोग ओळखायला वापरतो, टायमिंग लावायला नाही.

आता नळी. आधी एक गैरसमज काढू. कार्बोरेटरवरचं छिद्र पाकळीच्या कडेला अगदी लागून, बाहेरच्या बाजूला असतं. पाकळी मिटलेली असताना ते छिद्र व्हॅक्यूमच्या हद्दीबाहेर राहतं, म्हणून स्लोला डबीला काही मिळत नाही. पाय जरा दाबला की पाकळीची कड छिद्र ओलांडते आणि मॅनिफोल्डमध्ये असतो तोच व्हॅक्यूम तिथे येतो. म्हणजे चालत्या गाडीत दोन्ही जागा जवळपास सारख्याच. वाद आहे तो फक्त स्लोपुरता. कार्बोरेटरचा व्हॅक्यूम लोडबरोबर वाढतो असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आणि ही जागा धुराच्या कायद्यांमुळे आली असंही म्हणतात, तेही खरं नाही. त्या कायद्यांच्या कितीतरी आधीच्या ब्रिटिश गाड्यांना नळी कार्बोरेटरवरच असायची.

तुमच्या १९६७ च्या गाडीला कारखान्यातून नळी मागच्या एसयूवर होती. पुढच्या काळातल्या एमजीबींना ती मॅनिफोल्डवर गेली, पण तेव्हा डिस्ट्रिब्युटरही वेगळा आला. हे लोक विसरतात. नळी, डबी, स्प्रिंगा आणि स्लोचं टायमिंग हा एकत्र शिवलेला कपडा आहे. एक बाही दुसऱ्याच्या सदऱ्याची लावून चालत नाही.

मॅनिफोल्डला लावण्यात फायदा नाही असं नाही. स्लोला ॲडव्हान्स मिळाला की पाकळी आणखी मिटवता येते, सिग्नलला इंजिन थंड राहतं. आपल्या उन्हाळ्यात हा मोह मलाही होतो, आणि दोन गाड्यांना मी तसं केलेलंही आहे. पण त्यासाठी स्लोचा व्हॅक्यूम डबीच्या शेवटच्या आकड्यापेक्षा दोन-तीन इंच तरी वर आणि स्थिर हवा. तुमची डबी १३ ला पूर्ण होत असेल आणि स्लोला १५ असतील तर जेमतेम निभेल. एखाद्याने इंजिनात रेसचा कडक कॅमशाफ्ट बसवला असेल आणि स्लोला १० इंचांवर काटा थरथरत असेल, तर डबी अर्ध्यावर लोंबकळते. स्लो जरा पडली की व्हॅक्यूम कमी, मग ॲडव्हान्स कमी, मग स्लो आणखी पडते, आणि सिग्नलला गाडी बंद. म्हणून तुम्हाला माझं सांगणं: आधी मूळ जागी, मागच्या कार्बोरेटरवर लावा. सगळं जागेवर आल्यावरही गाडी सिग्नलला तापली तरच मॅनिफोल्डचा प्रयोग करा, तोही स्लो परत बसवून.

नळी लावायच्या आधी डिस्ट्रिब्युटर बघायचा आहे. टोपी काढा, नळीचं कार्बोरेटरकडचं टोक तोंडात धरून ओढा. आत पॉइंटची प्लेट सरकलेली दिसली पाहिजे. जिभेने टोक बंद करून धरा, प्लेट तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्राम किंवा नळीला चीर आहे. सोडल्यावर परत आलीच नाही तर प्लेट जाम, आणि वर सांगितलेला अपवाद तुमचाच. नळीच्या दोन्ही टोकांची रबरं आपल्या उन्हात बिस्किटासारखी होतात, ती डोळे झाकून बदला. चिरलेल्या रबरातून हवा शिरून मिश्रणही पातळ होतं.

त्याच प्लेटवर एक बारीक गुंफलेली अर्थची वायर असते. प्लेट पुढे-मागे होताना ती वाकत राहते आणि कधीतरी आतून तुटते, वरून मात्र शाबूत दिसते. लक्षण मजेशीर असतं. स्लोला इंजिन ठीक, पाय दाबल्यावर ठीक, फक्त अलगद पायावर मिसिंग. लोक कार्बोरेटर उघडतात, प्लग बदलतात, कॉइल बदलतात. एकाने तर टाकीच धुऊन घेतली होती. ती वायर बदलायला अर्धा तास लागतो.

प्लेटच्या खाली वजनं. दोन्ही बोटाने सरकवून बघा, अडकत असतील तर स्वच्छ करून थेंबभर तेल. कॅमच्या पायथ्याशी एक आकडा ठोकलेला असतो, समजा १०. म्हणजे वजनं डिस्ट्रिब्युटरचे १० आणि क्रँकचे २० अंश देऊ शकतात. स्प्रिंगा दोन असतात आणि त्या वेगवेगळ्याच असायला हव्यात: एक बारीक, कायम ताणलेली, दुसरी जाड आणि तिचं अडकवायचं टोक सैल. जाड स्प्रिंग सुरुवातीला मोकळी आणि वजनं काही अंतर गेल्यावरच पकडणारी, म्हणूनच ती सैल ठेवलेली असते. सैल दिसली म्हणून कोणीतरी ती बदलून दोन्ही बारीक टाकतो, आणि मग सगळा ॲडव्हान्स १५०० लाच आलेला असतो. घाटात ठोकण्याचं हे माझ्या मते तुमचं पहिलं संशयित कारण. काकांच्या काळात कोणी हात घातला असेल ते आता कोण सांगणार.

पॉइंटचा गॅप १५ थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. गॅप आधी, टायमिंग नंतर, कारण गॅप बदलला की टायमिंग हलतं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकलं तरी वजनं आणि डबी तशीच कामाला राहतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग टायमिंग लाइट. नळी काढायची, तिचं तोंड बंद करायचं, ६०० ला १४ अंश आणायचे. बोल्ट ढिला करून फिरवलं तर एका झटक्यात पाच अंश जातात, म्हणून शेवटचं बारीक काम डिस्ट्रिब्युटरच्या दातेरी चकतीवर करा. ११ टिकटिक म्हणजे साधारण १ अंश. पण माझ्यासाठी स्लोच्या १४ पेक्षा वरचा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. ३५०० पर्यंत रेस द्या आणि खूण कुठे थांबते ते बघा. पुलीवर तिथपर्यंत खुणाच नसतात, त्या आपण करायच्या. कापडी टेपने पुलीचा घेर मोजा. समजा ४०० मिलिमीटर आला, तर ३२ अंश म्हणजे साडेपस्तीस मिलिमीटर. तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका. बी-सिरीज रस्त्यावरच्या इंजिनाला मी सगळं मिळून, डबीशिवाय, ३० ते ३२ वर थांबतो. स्लोचा आकडा पुस्तकाप्रमाणे आला आणि वरचा ३८ झाला, तर वजनांच्या खोलीत कोणीतरी उद्योग केलेला आहे. अशा वेळी स्लोचा आकडा सोडून वरचा सांभाळायचा आणि स्प्रिंगांच्या शोधात निघायचं.

एवढं झाल्यावर नळी लावा, अलगद २५०० ला धरा आणि लाइट मारा. खूण आणखी बरीच पुढे उडाली पाहिजे. उडाली तर डबी कामावर रुजू झाली.

पुस्तकातले सगळे आकडे त्या काळच्या ब्रिटिश पेट्रोलचे आहेत. आज आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रण गरम चालतं. एसयूमध्ये सोय चांगली आहे: खालचा नट फिरवून जेट थोडं खाली घ्या, दोन्ही कार्बोरेटरना सारखंच. टायमिंग बरोबर येऊनही घाटात हलकं ठोकत राहिलं, तर आधी हे करा आणि मग दोन अंश मागे घ्या. दहा नाही. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्याही एकदा तपासून घ्या, जुनं रबर या पेट्रोलने फुगतं.

राहता राहिलं रेसच्या गाड्यांचं. त्यांना व्हॅक्यूमची डबी नसते हे अगदी बरोबर आहे. रेसमध्ये पाय एकतर पूर्ण दाबलेला असतो नाहीतर ब्रेकवर, अलगद पायाची वेळच येत नाही. शिवाय वेबरचे मोठे जुळे कार्बोरेटर लावले की प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी होते आणि एका नळीत स्थिर व्हॅक्यूम मिळणं अवघड जातं. तुम्ही रविवारी सकाळी अक्कलकोटला जाऊन दुपारच्या आत परत येणार. त्यात दहातले नऊ मिनिटं पाय पाव इंच दाबलेला असतो. डबी त्या नऊ मिनिटांसाठी आहे.

डबीवरचे तीन आकडे, कॅमच्या पायथ्याचा आकडा, ३५०० ला खूण कुठे थांबली ते, आणि चारही कॉम्प्रेशन एवढं लिहून कळवा, म्हणजे पुढचं बोलता येईल. काम सकाळी लवकर करा, अकरानंतर बॉनेटखाली हात लाववत नाही. आणि तो नळीतला स्क्रू काढलात की फेकू नका, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. टायमिंग बघताना नळीचं तोंड बंद करायला तोच लागणार आहे.